नेमाचं हसू

वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकांची आठवण काढून कुणी हळहळलं, की त्याच्यासाठी दोन उत्तरं तयार असतात. एक, काळ बदलला. दोन, तुला ती चित्रं आठवत नाहीत, तुझं बालपण आठवतंय. पहिलं उत्तर खरं आहे, पण त्याने काहीच ठरत नाही. काळाने देवीचा रोगही नेला आणि जात्यावरची ओवीही नेली. तेव्हा एखादी गोष्ट काळाने नेली एवढ्यावरून ती जायच्याच लायकीची होती की नाही, हे कळत नाही. दुसरं उत्तर मात्र मुळाशी हात घालतं, आणि त्याच्या पाठीशी आपल्याकडचं एक मोठं दर्शन उभं आहे. न्यायदर्शनात स्मृतीला प्रमाणांत, म्हणजे खऱ्या ज्ञानाच्या साधनांत, जागा नाही. आठवण जुन्या अनुभवाच्या संस्कारातून उठते, ती नवं काही सांगत नाही, म्हणून ती चुकीची नसली तरी नैयायिक तिला प्रमा, म्हणजे यथार्थ अनुभव, म्हणत नाहीत. हळहळ तर आठवणीच्याही एक पायरी खाली, कारण तिच्यात आठवणीबरोबर माणसाची स्वतःविषयीची माया मिसळलेली असते. अशा भावनेच्या आधारावर ‘आपलं काहीतरी मोलाचं गेलं’ असं म्हणता येईल का? माझं म्हणणं असं की येतं, आणि त्याचा आधारही आपल्याच दर्शनांमध्ये सापडतो. पण त्याआधी गेलं ते नेमकं काय, हे नीट पाहायला हवं.

मराठीत या प्रश्नाचं सर्वांत मोठं उदाहरण ‘चिंटू’ आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही मालिका २१ नोव्हेंबर १९९१ रोजी पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये सुरू झाली आणि वर्षानुवर्षं रोज येत राहिली. त्याआधी मराठी मुलांच्या हाती चित्रकथा नव्हत्या असं मुळीच नाही. १९५२पासून मराठीतला ‘चांदोबा’ होता, १९६४ ते १९९० या काळात इंद्रजाल कॉमिक्समधले वेताळ आणि जादूगार मँड्रेक होते, १९६७पासून अनंत पै यांची ‘अमर चित्र कथा’ होती. पण हे सगळं विकत आणायचं किंवा वाचनालयातून बदलून घ्यायचं, आणि नव्या अंकाची वाट बघत बसायचं. ‘चिंटू’ मोठ्यांच्या पेपरात, जास्तीचा पैसा न पडता, रोज घरात यायचा. बावड्यासारख्या गावात हा फरक जास्तच जाणवण्याजोगा होता. इंदापूरहून अकलूजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, नीरेच्या अलीकडचं, उसाच्या पट्ट्यातलं हे गाव. मुलांच्या पुस्तकांचं चांगलं दुकान गाठायचं तर बारामतीची वाट धरावी लागे. पेपरचा गठ्ठा मात्र पुण्याहून सोलापूर रस्त्याने इंदापूर करत इकडे पोचतच असे, आणि मग एकच अंक चहाच्या हॉटेलात, सलूनमध्ये, ग्रंथालयाच्या टेबलावर दिवसभर या हातातून त्या हातात फिरे. मोठ्यांनी ऊसदराची बातमी वाचायची, निधनवार्ता बघायच्या, आणि त्याच कागदाच्या एका कोपऱ्यात तीन-चार चौकटी पोरांच्या. आज मराठी दैनिकांत रोजची चित्रमालिका हा नियम राहिलेला नाही, तो अपवाद झाला आहे. अमेरिकेत या मालिकांना पानंच्या पानं देण्याची रीत होती. तिथेही ‘ली एंटरप्रायझेस’ या मोठ्या वृत्तपत्रसमूहाने २०२२ मध्ये ही जागा एकदम अर्ध्या पानावर आणली.

आता त्या आधाराकडे येतो. कुमारिल भट्टांचे अनुयायी आणि अद्वैत वेदान्ती अनुपलब्धी नावाचं सहावं प्रमाण मानतात. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कशाने कळतं? डोळ्यांना फक्त जमीन दिसते; नसलेला घट डोळ्यांना कसा दिसणार? तरीही ‘इथे घट नाही’ हे ज्ञान आपल्याला होतं, ते पक्कं असतं आणि ते आताचं असतं. असायला हवी ती वस्तू आढळली नाही, हे न आढळणंच त्या ज्ञानाचं साधन, असं हे आचार्य म्हणतात. नैयायिकांना वेगळं प्रमाण मानायची गरज वाटत नाही, अभावही प्रत्यक्षानेच कळतो असं त्यांचं मत. पण अभाव खरोखर कळतो, याबद्दल तेही साशंक नाहीत. हे हळहळीला लावून पाहावं. पेपर उघडला, नजर सवयीने त्या कोपऱ्याकडे गेली आणि तिथे फ्लॅटच्या स्कीमची जाहिरात आहे. या क्षणी जे घडतं ते केवळ स्मरण नव्हे. स्मरण त्याला मदत करतं, पण जे कळतं ते आजच्या पानाविषयी, आजच्या सकाळविषयी कळतं. म्हणून ‘तुला फक्त बालपण आठवतंय’ हा आक्षेप अर्ध्यावर थांबतो. माणसाला बालपण आठवत असेलही. त्याच वेळी त्याला एक खरा अभाव कळतही असतो. त्या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असल्या म्हणून एक होत नाहीत.

पण अभाव कशाचा? सहज सुचणारं उत्तर चित्रांचा, आणि ते चुकीचं आहे. चित्रं गेलेली नाहीत. ‘चिंटू’चे संग्रह पुस्तकरूपाने निघाले आहेत, २०१२ आणि २०१३ मध्ये त्याच्यावर दोन चित्रपट आले, आणि मोबाइलवर जगभरच्या मालिका आज जितक्या सहज मिळतात तितक्या पूर्वी कधीच मिळत नव्हत्या. संग्रह हाती घेऊन माणूस एका बैठकीत शंभर पानं वाचतो, हसतो, आणि तरी त्याची हळहळ शिल्लक उरते. चिंटू, मिनी, पप्पू, बगळ्या यांची ओढ एवढंच कारण असतं, तर संग्रहाने ती शमायला हवी होती. कारण निव्वळ बालपण असतं, तर बालपणाची कोणतीही वस्तू तेवढीच चालली असती. पण लोक गोट्या, आकाशकंदील आणि चित्रमालिका यांच्याविषयी एकाच तऱ्हेने हळहळत नाहीत. प्रत्येक हळहळीचं दुखणं वेगळं असतं. चित्रमालिकेविषयी बोलताना माणसं पुन्हा पुन्हा जे सांगतात ते तिच्या येण्याविषयी असतं: पेपर आधी कुणी ओढून घ्यायचा, आज काय झालं असेल, शाळेत गेल्यावर कुणी कुणाला आधी सांगायचं. तेव्हा गेला तो विनोद नव्हे, पात्रंही नव्हेत. गेली ती एक रीत. मागितल्याशिवाय येणारं, ठरल्या वेळी येणारं, मोजकंच येणारं आणि सगळ्यांना तेच येणारं एक लहानसं सुख.

या रीतीला आपल्या धर्मविचारात फार जुनी जागा आहे. मीमांसकांनी कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे प्रकार केले. पाऊस पडावा म्हणून, पुत्र व्हावा म्हणून जे करायचं ते काम्य. त्याच्या मुळाशी इच्छा असते आणि इच्छा पुरली की ते संपतं. नित्यकर्म इच्छेवर चालत नाही, काळावर चालतं. सूर्य उगवला की संध्या, सकाळ-संध्याकाळ अग्निहोत्र, आणि तेही जन्मभर. त्यातून काय मिळतं, यावर मीमांसक प्रभाकर आणि कुमारिल भट्ट यांच्या दोन पंथांत वाद आहे, पण वेळ झाली की ते करायचं, यावर वाद नाही. ‘चिंटू’ हे धार्मिक कृत्य होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. म्हणायचं ते असं की त्याचा आकार नित्यकर्माचा होता. चौकटी किती, ते ठरलेलं. वेळ कोणती, तेही ठरलेलं. आज जास्त हसावंसं वाटलं तरी पाचवं चित्र मिळणार नाही, आणि आज मन नसलं तरी पेपर येणारच. याच्या उलट मोबाइलच्या पडद्यावर बोट सरकवत जाण्याचा आकार काम्याचा आहे. तिथे प्रत्येक वस्तू तुमच्या इच्छेचा अंदाज घेऊन पुढे केली जाते; आवडलं तर आणखी, त्याहून आवडलं तर त्याहून आणखी. इच्छा हेच जिथे इंधन आहे, तिथे थांबायची जागा बाहेरून कुणी देत नाही, आणि आतून ती मिळणं किती कठीण आहे हे सांगायला आपल्या संतांची अख्खी परंपरा आहे.

मीमांसेतला एक बारीक नियम इथे मला फार मोलाचा वाटतो. काम्य कर्माचं एखादं अंग उणं राहिलं, तर फळ मिळत नाही. ते सर्व अंगांनी पुरं व्हावं लागतं. नित्यकर्मात मात्र माणसाने यथाशक्ती करावं. मुख्य कर्म केलं आणि एखादं अंग साधलं नाही, तरी ते नित्यकर्म झालंच. रोजच्या चित्रमालिकेला हे तंतोतंत लागू पडतं. रोज नवा विनोद काढणारा माणूस रोज जिंकू शकत नाही. ‘चिंटू’ची एखादी चित्रमालिका डोळ्यापुढे आणा. क्रिकेटचा चेंडू जोशी काकूंच्या दिशेने उडाला आहे, तिसऱ्या चौकटीत सगळ्या पोरांचे चेहरे पडले आहेत, आणि शेवटच्या चौकटीत जे घडतं ते वाचकाला बरंचसं आधीच कळलेलं आहे. त्या दिवशी पोटभर हसू येत नाही. मग मूल काय करतं? ‘आज एवढी नाही जमली’ म्हणतं आणि उद्या पुन्हा तोच कोपरा उघडतं. ही मला साधी गोष्ट वाटत नाही. एखाद्या माणसाच्या कामाला वाईट दिवस माफ करायला, आणि तरीही त्याच्यावरचा विश्वास कायम ठेवायला, सात-आठ वर्षांचं मूल तिथे शिकत होतं. इच्छेवर चालणाऱ्या व्यवस्थेत हे शिकायला वावच नाही. तिथे जे जमलं नाही ते समोरच येत नाही, आणि समोर आलंच तर अर्ध्या सेकंदात बोटाने बाजूला सारलं जातं. करणाऱ्या माणसाला दुसरा दिवस मिळत नाही.

करणाऱ्याच्या बाजूनेही हा नेम किती कठोर होता, याची दोन उदाहरणं जगाला ठाऊक आहेत. चार्ल्स शुल्झ यांनी ‘पीनट्स’ २ ऑक्टोबर १९५० पासून जवळजवळ पन्नास वर्षं स्वतःच्या हाताने काढली; १७,८९७ चित्रमालिका झाल्या. १२ फेब्रुवारी २००० च्या रात्री ते गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांची शेवटची मालिका छापून आली. आपल्यानंतर दुसऱ्या कुणी ती काढू नये, ही त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. बिल वॉटर्सन यांनी ‘कॅल्विन अँड हॉब्ज’ १८ नोव्हेंबर १९८५ ला सुरू केली आणि ३१ डिसेंबर १९९५ ला, लोकप्रियता शिखरावर असताना, आपणहून थांबवली. कप, बाहुल्या, टीशर्ट यांच्यावर आपली पात्रं विकायला त्यांनी सतत नकार दिला. एकाने अखेरपर्यंत नेम सोडला नाही. दुसऱ्याने नेमाचा धंदा होऊ दिला नाही आणि वेळेवर हात आवरला. दोघांच्याही वागण्यात मला वैराग्याचा अंश दिसतो. आपल्याकडे आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ १९५१पासून दशकानुदशकं एक अक्षर न बोलता त्याच कोपऱ्यात उभा राहिला, तोही याच जातीचा नेम.

इथे धर्मनिष्ठ वाचक रागावेल, आणि त्याचा राग समजण्यासारखा आहे. नित्यकर्माला श्रुतीचं विधान असतं. करमणुकीच्या चार चौकटींना ते नाव देणं म्हणजे संध्येची थट्टा नव्हे का? पण नेम केवळ वेदविहित कर्मातच असतो असं मराठी माणसाने म्हणावं, तर त्याला आधी वारकऱ्यांना उत्तर द्यावं लागेल. एकादशी, हरिपाठ, आषाढीची वारी हा नेम लाखो माणसांनी आपल्या खुशीने गळ्यातल्या माळेबरोबर पत्करला. बावड्याला तर हे समजावून सांगायची गरज नाही. तुकोबांची पालखी इंदापूरहून निघते, बावड्यावरून सराटीला मुक्कामाला जाते, आणि दुसऱ्या दिवशी नीरेत पादुकांना स्नान घालून अकलूजकडे सोलापूर जिल्ह्यात उतरते. गावाच्या वाट्याला वर्षातले काही तास येतात. फार आनंद झाला म्हणून पालखी उद्या पुन्हा बोलावून घेता येत नाही, आणि यंदा पीक गेलं म्हणून ती वाट बदलत नाही. ज्या तासांना एवढी किंमत येते, ती ते मोजके आहेत आणि सगळ्या गावाला एकाच वेळी मिळतात म्हणूनही येते. भक्तीची उंची चित्रमालिकेला नाही, असा दावाही कुणी करू नये. पण आकार जर चांगला असेल, तर तो लहान गोष्टीतही चांगलाच असतो, आणि मुलाला मोठा नेम कळायच्या आधी लहान नेम कळावा लागतो. हेगेलनेही सकाळच्या वर्तमानपत्राला आधुनिक माणसाच्या प्रार्थनेच्या जागी बसवलं होतं. ती तुलना करणारा मी पहिला नव्हे.

दुसरा आक्षेप संतांच्याच तोंडून येऊ शकतो. नेम जड होतो. माळ फिरते आणि मन बाजारात असतं. तुकोबांनी या पोकळ कर्मकांडावर जेवढे कोरडे ओढले तेवढे क्वचितच कुणी ओढले असतील. हे मला मान्य आहे. चित्रमालिकाही जड होत. पाश्चात्त्य पेपरांत तर मूळ चित्रकार जाऊन दशकं लोटली तरी केवळ सवयीपोटी चालू राहिलेल्या मालिका आहेत. पण संतांनी पोकळ नेमावर टीका केली ती नेमात जीव यावा म्हणून; नेम टाकून द्या, असं त्यांनी वारकऱ्यांना कधी सांगितलं नाही. तिसऱ्या आक्षेपाला मी फार वेळ देणार नाही: या मालिका मुळात पेपरचा खप वाढवण्यासाठी आल्या, न्यूयॉर्कमध्ये पुलित्झर आणि हर्स्ट यांच्या स्पर्धेत ‘यलो किड’ हे पात्र ओढाताणीचं कारण झालं, तेव्हा त्यांना पावित्र्य कसलं? उगम आणि उपयोग यांची गल्लत इथे होते. विक्रेत्याचा हेतू काहीही असो, वाचणाऱ्या मुलाचा नेम त्याचा स्वतःचा होता. खपासाठी आलेली गोष्ट खपाच्याच हिशेबात गेली, एवढंच त्यातून निघतं; आणि तो हिशेब कळल्याने अभाव भरून निघत नाही.

खरा जड आक्षेप वेगळाच आहे. ‘सगळ्यांना तेच’ असं मी वर म्हटलं. ते सगळे कोण? चिंटूचं जग शहरी मध्यमवर्गाचं: सोसायटी, शाळेची बस, सुटीतला क्रिकेटचा डाव. बावड्याच्या शिवारात दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात. त्या कोपीत पेपर येत नव्हता. तिथल्या मुलाला चार चौकटींचा नेम नव्हताच, आणि चिंटूच्या घरात त्याच्यासारखं कुणी नव्हतं. मग जे कधी सगळ्यांचं नव्हतंच, त्याच्या जाण्याला समाजाचं नुकसान म्हणणं हा वरच्या थराचा स्वार्थ नाही का? शिवाय ज्याला आपण मर्यादा म्हणून गौरवतो, ती कागदाच्या टंचाईची सक्ती होती. उपाशी राहण्याला एकादशी म्हणण्यातला हा प्रकार. आज त्याच कोपीत मोबाइल आहे, आणि त्यावर पाहिजे तेवढी चित्रं आहेत. मग प्रगती कोणती?

यातला पहिला भाग मी पूर्ण मान्य करतो. ‘चिंटू’चा नेम सगळ्यांचा नव्हता, आणि तो तसा नव्हता हे त्याचं उणेपण होतं, वैभव नव्हतं. पण ज्या सुखात सगळ्यांना वाटा मिळाला नाही, ते सुख खोटं ठरत नाही. उलट वाटा न मिळण्याचा अन्याय खरा ठरायचा असेल, तर आधी ते सुख खरं मानावं लागतं. एकादशीच्या मुद्द्याचं उत्तर मला अधिक महत्त्वाचं वाटतं. दुष्काळातलं उपाशी राहणं आणि एकादशीचा उपास यांत अन्नाचं प्रमाण सारखंही असेल. फरक आहे तो मान्य करण्यात आणि एकत्र करण्यात. पेपराची मर्यादा सुरुवातीला सक्तीची होती हे खरं, पण वाचकाने ती अंगवळणी घेतली, तिच्याभोवती वाट बघणं, सांगणं, कात्रणं चिकटवून ठेवणं उभं केलं. सक्तीतून सुरू झालेली रीत लोकांनी आपली करून घेतली, असं धर्माच्या इतिहासात कितीदा घडलं आहे. मोबाइलने कोपीतल्या मुलाला जे दिलं त्याला मी कमी लेखत नाही; त्याच्या हाती पहिल्यांदाच जगातली चित्रं आली. पण पोच समान झाली म्हणून वाटा समान झाला असं होत नाही. कोपीतलं मूल आणि गावातल्या वाड्यातलं मूल आज एकाच यंत्रावर बोट फिरवतात आणि दोघांना दोन निराळी चित्रं दिसतात. आधी एकाला मिळत होतं आणि दुसऱ्याला नव्हतं. आता दोघांनाही मिळतं, पण दोघांचं मिळून काहीच नाही. पहिली उणीव भरून काढताना दुसरी निर्माण करायलाच हवी होती, असा काही नियम नाही.

कुणी म्हणेल, आजच्या मुलांना तर काही चुकल्यासारखं वाटत नाही. मग नुकसान कुणाचं? अनुपलब्धीच्या चर्चेत याचं नेमकं उत्तर आहे. कोणतंही न दिसणं अभावाचा पुरावा होत नाही. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही, असं ठरत नाही. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच तिचं न दिसणं ज्ञान देतं. ज्या मुलाने ठरल्या वेळच्या त्या चौकटींची कधी वाटच पाहिली नाही, त्याला त्यांचा अभाव कळण्याची योग्यता नाही, आणि यात त्याचा काही दोष नाही. त्याला हळहळ वाटत नाही, हा काही गेलं नाही याचा पुरावा होऊ शकत नाही. साक्ष ज्यांनी दोन्ही पाहिलं त्यांचीच घ्यावी लागेल. एप्रिल २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने काही काळ पेपरांच्या घरपोच वाटपावर बंदी घातली, तेव्हा पेपरांच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पोचत होत्या. बातमी, कोडी, चित्रं, सगळं त्यात होतं. तरीही बंदी उठल्यावर कित्येक घरांत पुन्हा कागद आला. मजकूर पोचला म्हणजे नेम पोचला असं होत नाही, हे ज्यांनी त्या काळात दोन्ही अनुभवलं ते सांगू शकतील.

राहिला एक आक्षेप, वेदान्ताच्या बाजूचा. चिंटू कधी मोठा होत नाही. जूनमध्ये शाळा उघडते, पाऊस येतो, दिवाळीत किल्ला होतो, मेमध्ये आंबे येतात, पुन्हा जून येतो, आणि तो तेवढाच राहतो. वाचक मात्र दहावी होतो, नोकरीला लागतो, त्याचे केस पिकतात. बदलणाऱ्या माणसाने न बदलणाऱ्या चित्राला धरून राहणं हा मोहच नव्हे का? अमेरिकेत ‘गॅसोलिन अ‍ॅली’ ही १९१८ मध्ये सुरू झालेली मालिका आहे, तिच्यातली पात्रं वाचकांबरोबर वयाने वाढत गेली. ती अधिक प्रामाणिक म्हणावी का? मला तसं वाटत नाही. चिंटूचं न वाढणं म्हणजे काळ नाकारणं नव्हे. दिवाळीचंही वय वाढत नाही, आषाढीचंही नाही. सण दरवर्षी तोच येतो म्हणूनच त्याच्यासमोर उभं राहिल्यावर आपण किती बदललो, घरातलं कोण कमी झालं, हे कळतं. चित्रमालिकेतला स्थिर काळ तसा मोजायचा खुंटा होता. मोह तेव्हा झाला असता, जेव्हा वाचक चिंटूबरोबर आठ वर्षांचाच राहू पाहता. बहुतेक वाचक तसे राहिले नाहीत. ते मोठे झाले, आणि तरी रोज अर्धा मिनिट त्या कोपऱ्यात थांबले.

कागद परत येईल अशी माझी अपेक्षा नाही, आणि या विचाराला कागद लागतही नाही. कुणी मोबाइलवर एकाच चित्रकाराची रोज एकच मालिका ठरवून पाहत असेल, तर नेम तिथेही आहे. पण एकट्याने पाळलेल्या नेमाला सोबत नसते, आणि मुलांना सोबतीशिवाय नेम टिकवता येत नाही. ती सोबत गावात तयार आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत परिपाठाला सुविचार आणि दिनविशेष रोज फळ्यावर लिहिले जातात. सगळी शाळा रांगेत उभी राहून तेच वाचते, आणि जास्तीचा सुविचार कुणी मागत नाही. त्याच फळ्याशेजारी रोज एक चित्रमालिका लावता येईल. मान्यताप्राप्त ग्रंथालयाला पेपर ठेवायचेच असतात; तिथेही दाराशी तीच लावता येईल. चित्रकाराची परवानगी घ्यावी, त्याला मानधन द्यावं, आणि जमल्यास तालुक्यातल्याच एखाद्या होतकरू हाताला हे काम द्यावं, म्हणजे चौकटींत सोसायटीऐवजी उसाचा फड, नीरेचा काठ आणि एसटीचा थांबाही येईल. रोज एकच, आणि एखाद्या दिवशी ती फसली तर दुसऱ्या दिवशी त्याच हाताची दुसरी. सुरुवात जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी करावी, आणि हंगामाला टोळ्या आल्या की त्यांची मुलं ज्या वर्गात बसतात तिथेही त्याच सकाळी तीच लावावी.